सायलेन्सर पुन्हा पुन्हा फुटतोय? डबा बदलण्याआधी हे तपासा

तक्रार जवळपास नेहमी एकाच साच्याची असते. गाडी फटफट करायला लागते, गॅरेजमध्ये सायलेन्सरला भोक सापडतं, वेल्डिंगचा टाका पडतो आणि गाडी गप्प होते. काही आठवडे बरे जातात आणि मग ये रे माझ्या मागल्या. शेवटी कुणीतरी 'डबाच बदला' म्हणतं. नवा डबा बसतो आणि तोही अपेक्षेच्या निम्म्या काळात जातो.

एकदा फुटला तर वय झालं म्हणून सोडून द्यावं. पण दुसऱ्यांदा त्याच जागी फुटला, किंवा नवा डबा लवकर गेला, तर त्याला कोण फोडतंय हे शोधायला हवं. फोडणारे मोजकेच असतात: आत साचणारं पाणी, गरजेपेक्षा जास्त डोलणारं इंजिन, इग्निशनमधली गडबड आणि घाईघाईत केलेलं वेल्डिंग. तुमच्या गाडीत यातलं कोणतं आहे, हे बहुतेक वेळा फारशा हत्यारांशिवाय कळतं.

डब्यात नेमकं काय चालतं

सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा आतला वायू अजून बऱ्याच दाबाखाली असतो. तो एकदम सुटतो आणि दर वेळी पाइपात दाबाचा एक धक्का निघतो. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेऱ्याला असे दोन धक्के बसतात. म्हणजे ३००० आरपीएमला (मिनिटाला ३००० फेऱ्यांना) सेकंदाला १००, आणि तीन सिलिंडरच्या इंजिनात ७५. आपल्याला ऐकू येणारा खर्जातला आवाज हाच.

वायूला वाट द्यायची आणि आवाज मात्र अडवायचा, हे सायलेन्सरचं काम. ते दोन तऱ्हांनी होतं. पहिली तऱ्हा कप्प्यांची. डब्यात आडवे पडदे टाकून दोन-तीन कप्पे केलेले असतात आणि त्यांतून बारीक छिद्रांच्या नळ्या जातात. अरुंद नळीतून लाट एकदम रुंद कप्प्यात आली की तिचा मोठा हिस्सा उलटा परततो. परतणारी लाट आणि मागून येणारी लाट नेमक्या उलट वेळी भेटल्या, म्हणजे एकीचा दाब वाढताना दुसरीचा कमी होत असला, की दोघी एकमेकींना संपवतात. छिद्रांतून घुसताना उरलेल्या लाटेची थोडी ऊर्जा उष्णतेत जाते. दुसरी तऱ्हा लोकरीची: मधोमध छिद्रांची सरळ नळी आणि तिच्याभोवती काचेच्या किंवा बसाल्टच्या धाग्यांची लोकर ठासलेली. ही लोकर उंच पट्टीचा आवाज छान शोषते, खर्जापुढे मात्र तिचं फारसं चालत नाही. म्हणून पुष्कळ गाड्यांत दोन्हींचा मेळ असतो. शिवाय मध्ये एखादा छोटा डबा, रेझोनेटर, असतो. तो ठरावीक पट्टीचाच आवाज खाईल असा मापून केलेला असतो.

कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या मिल्टन आणि मार्शल रीव्हज या भावांनी इंजिनाच्या एक्झॉस्ट मफलरचं पेटंट १८९७ मध्ये घेतलं. कप्पे आणि छिद्रं हा गाभा आजही तोच आहे.

एवढंसं भोक इतका गोंगाट कसा करतं, याचं उत्तर डेसिबलच्या हिशेबात आहे. सायलेन्सरने २० डेसिबल कमी केले म्हणजे ध्वनीची ९९ टक्के ऊर्जा आतच जिरली, मागच्या नळीतून एकच टक्का बाहेर पडतो. आता डब्याच्या आधी कुठे तरी फट पडली आणि तिच्यातून पाच टक्के ऊर्जा थेट निसटली, तर ती मागून येणाऱ्या आवाजाच्या पाचपट झाली. डबा ठणठणीत असूनही गाडी ट्रॅक्टरसारखी वाजते ती अशी. म्हणून आवाज वाढला की डब्याकडे बोट दाखवण्याआधी पुढचे सगळे सांधे बघावेत.

आधी कान, मग पाना

थंड इंजिन सुरू केल्यावर टिकटिक ऐकू येते आणि पाच-दहा मिनिटांत विरते? मग मागे जाऊच नका. हा दोष मॅनिफोल्डचा, म्हणजे इंजिनाला लागून सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या भागाचा: त्याची पॅकिंग गेली आहे किंवा त्याला तडा गेला आहे. धातू तापून फुगतो, फट मिटते, आवाज जातो. गॅरेजमध्ये गाडी तापलेलीच पोहोचते, त्यामुळे मेकॅनिकला हा दोष दिसतच नाही आणि तो बिचारा मागचा डबा ठोकून बघत बसतो. अशी गाडी रात्रभर तिथेच ठेवून सकाळी पहिलं स्टार्ट मेकॅनिकसमोर करावं.

गाडी चढाला लागली किंवा जोरात रेस दिली की 'भर्र' असा जाड आवाज वाढतो, ते मोठं भोक किंवा सुटलेला सांधा. ठरावीक आरपीएमलाच पत्रा झणझणतो आणि पुढे-मागे झालं की थांबतो, ते हीट शील्ड, म्हणजे उष्णता अडवणारा पत्रा. त्याच्या बोल्टभोवतीचा पत्रा गंजून भोक मोठं झालेलं असतं. मोठा वायसर टाकला किंवा स्टीलचा लांब होज क्लॅम्प गुंडाळला की काम झालं, यासाठी डबा बदलायला कुणी सांगत असेल तर दुसरं गॅरेज बघा. खड्ड्यातून जाताना 'धप्' होतं, ते लटकवायचं रबर तुटलेलं किंवा ताणलेलं.

डब्यात खडे हलल्यासारखी खडखड आली तर दोन शक्यता. गाडी थंड असताना मुठीने किंवा रबरी हातोड्याने आधी मागचा डबा, मग मधला, मग कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा पुढचा डबा) असं ठोकत या. मागच्या डब्यात खडखडलं तर आतला पडदा किंवा नळी सुटली. कन्व्हर्टरमध्ये खडखडलं तर आतली चिनी मातीची जाळी फुटली आहे, आणि हा गंभीर मामला आहे. त्याबद्दल पुढे.

गळती नेमकी कुठे आहे

गाडीखाली जायचं तर नुसत्या जॅकवर कधीच नाही. सपाट जमीन, चाकांना ठोकळे, पक्के स्टँड. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण वर बघून ठोकताना गंजाचा पापुद्रा नेमका डोळ्यातच पडतो. नुकत्याच चाललेल्या गाडीच्या कन्व्हर्टरला हात लागला तर कातडी जाईल, तेव्हा पूर्ण थंड होऊ द्या.

बऱ्याच गळत्या नुसत्या नजरेला दिसतात. सांध्यापाशी किंवा वेल्डिंगच्या कडेला काळी काजळी फराटा ओढल्यासारखी बसलेली असते, कधी राखाडी-पांढरट रेघ असते. फराटा ज्या टोकाला दाट, तिथे भोक. फ्लँजच्या (दोन पाइप बोल्टने जोडणाऱ्या चकतीच्या) वरच्या बाजूला हात पोहोचत नाही, तिथे मोबाइलचा कॅमेरा नेऊन फोटो काढावा.

नजरेला नाही दिसलं तर दोन उपाय. थंड इंजिन सुरू करून, जाड हातमोजा घालून, चार घड्यांचं फडकं मागच्या नळीवर काही सेकंद दाबून धरायचं. दुसऱ्या माणसाने गाडीच्या कडेने कान देत चालायचं, फुसफुस जिथून येते ती जागा. सगळं धड असेल तर दाब हाताला जोराने ढकलतो आणि इंजिन गुदमरायला लागतं. काहीच ढकलत नसेल तर वायू दुसरीकडून पळतोय. दुसरा उपाय मला जास्त आवडतो, कारण इंजिन बंद ठेवून करता येतो: हवा फेकणारा व्हॅक्यूम क्लीनर किंवा ब्लोअर मागच्या नळीला लावून भोवती फडकं गुंडाळायचं आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी फवारायचं. बुडबुडे आले की पत्ता लागला. फक्त एक लक्षात ठेवा. मागच्या डब्याच्या तळाशी एका बारीक छिद्रातून बुडबुडे येतील, ते दोष नाही. ते तिथे मुद्दाम ठेवलेलं असतं, आणि ते का, हीच या लेखातली सर्वांत कामाची गोष्ट आहे.

पाणी: आतून खाणारा शत्रू

एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. ऐकायला चमत्कारिक वाटतं, पण हिशेब सरळ आहे: इंधनातला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी जोडला जातो. सीएनजीत हायड्रोजनचं प्रमाण आणखी जास्त, तिथे एका किलोमागे सव्वादोन किलोच्या आसपास पाणी. इंजिन तापलेलं असताना हे सगळं वाफ होऊन बाहेर जातं. पण धुरातली वाफ साधारण ५० अंश सेल्सिअसच्या खाली पाणी व्हायला लागते, आणि मागचा डबा इंजिनापासून सर्वांत दूर, सर्वांत उशिरा तापणारा. गाडी पाच-सात मिनिटं चालवून बंद केली तर तो डबा नीट तापतच नाही. पाणी तळाशी साचतं. त्यात धुरातले सल्फर आणि नायट्रोजनचे अंश विरघळून ते आम्लधर्मी होतं. दुसऱ्या दिवशी आणखी थोडं पाणी, तिसऱ्या दिवशी आणखी थोडं.

जुना डबा ग्राइंडरने उभा कापून बघितला की हे सगळं समोर मांडून ठेवल्यासारखं दिसतं. वरचा अर्धा पत्रा जवळपास नव्यासारखा असतो, कारखान्याचा शिक्काही वाचता येतो. खालच्या अर्ध्यात बोट दाबलं तर तांबडे पापुद्रे सुटून येतात. तळाला काजळी आणि गंजाचा दाट चिखल. आणि मधल्या पडद्यावर एक आडवी रेघ, पाणी कुठवर उभं राहत होतं ते सांगणारी. रेघेच्या वर धातू, रेघेच्या खाली चाळण. रस्त्यावरच्या पाण्याने, चिखलाने डबा सडला असं मानणाऱ्याने हा कापलेला डबा एकदा बघावाच. बाहेरून लावलेला रंग याच्यापुढे काहीही करू शकत नाही.

म्हणून डब्याच्या सर्वांत खालच्या बिंदूला दोन-तीन मिलिमीटरचं छिद्र ठेवलेलं असतं, साचलेलं पाणी ठिबकून जावं म्हणून. वारंवार सडणाऱ्या डब्यांत मला दिसलेला सर्वांत सामान्य प्रकार म्हणजे हे छिद्र 'गळती' समजून वेल्डिंगने बुजवलेलं. पाणी आत कोंडलं, डबा गेला, आणि दोष पत्र्याच्या दर्जावर ढकलला गेला. दुसरा प्रकार, छिद्र गंजाच्या चिखलाने तुंबलेलं. बारीक तारेने ते मोकळं करायला मिनिटभर लागतं. तिसरा प्रकार, डबा चुकीच्या कोनात बसवल्यामुळे छिद्र तळाला न राहता कडेला गेलेलं. असं असेल तर पाणी छिद्रापर्यंत चढेपर्यंत साचतच राहतं.

तुमची गाडी रोज छोट्या फेऱ्याच मारत असेल तर आठवड्यातून एकदा तरी तिला अर्धा-पाऊण तास सलग, थोड्या वेगाने पळवा. जागेवर उभी करून रेस देत बसण्याने डबा फारसा तापत नाही, उगाच इंधन जातं. सकाळी नळीतून थेंब पडणं किंवा थोडी पांढरी वाफ येणं ही चिंतेची गोष्ट नाही, उलट पाणी बाहेर पडतंय हे चांगलं. गाडी पूर्ण तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला आणि त्याला गोडसर वास असला, तर मात्र कूलंट सिलिंडरमध्ये झिरपतंय. तो प्रश्न हेड गॅस्केटचा (इंजिनाच्या हेडखालच्या पॅकिंगचा), सायलेन्सरचा नव्हे.

नवा डबा घेताना पत्रा कोणता ते विचारा. साध्या लोखंडी पत्र्याचा डबा छोट्या फेऱ्यांच्या गाडीला घेऊच नये. अॅल्युमिनियमचा थर दिलेला पत्रा बरा, पण जिथे वेल्डिंग होतं तिथे तो थर जळतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. ४०९ प्रतीच्या स्टेनलेसमध्ये ११ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असतं, वरून तपकिरी दिसायला लागलं तरी आत टिकतं. ३०४ मध्ये १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. हा सर्वांत टिकाऊ, महागही. लोहचुंबक ३०४ ला जवळपास चिकटत नाही, ४०९ ला चिकटतो. 'स्टेनलेस आहे' एवढ्यावर समाधान मानू नका, खिशात चुंबक ठेवा.

सांधा किंवा जाळी तुटते, तेव्हा इंजिनाकडे बघा

भोक न पडता सांध्याला चीर जाते, फ्लँजजवळचं वेल्डिंग तुटतं, किंवा पुढचा जाळीचा लवचीक पाइप पुन्हा पुन्हा फाटतो. हे पाण्याचं काम नाही. इथे धातू वाकून वाकून थकलेला असतो.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत इंजिन आडवं बसवलेलं असतं. अॅक्सिलरेटर दाबला की ते मागे झुकतं, सोडला की पुढे येतं. हे डोलणं मागच्या पाइपापर्यंत पोहोचू नये म्हणून मध्ये तो जाळीचा तुकडा. इंजिन ज्यावर टेकलेलं असतं त्या माउंटिंगचं रबर दबून गेलं की डोलणं वाढतं आणि जाळीला तिच्या कुवतीबाहेर वाकावं लागतं. तुम्ही जाळी बदलता, ती पुन्हा फाटते. काही वेल्डिंगवाले तर जाळी काढून तिथे सरळ पाइपच डागतात. मग चीर मॅनिफोल्डला जाते, आणि ते काम कितीतरी महागात पडतं.

तपासायला दोन माणसं लागतात. बॉनेट उघडा. एकाने आत बसून हँडब्रेक ओढायचा, पायाचा ब्रेक घट्ट दाबायचा आणि पहिल्या गिअरात क्लच अगदी किंचित, ताण येईल एवढाच सोडायचा, मग तेच रिव्हर्समध्ये. ऑटोमॅटिक असेल तर नुसतं डी आणि आर. दुसऱ्याने बाजूला उभं राहून बघायचं, गाडीच्या समोर किंवा मागे अजिबात नाही. इंजिन थोडं कलणारच. पण ते उसळी घेत असेल, 'ठक्' आवाज येत असेल, तर माउंटिंग गेलं. खालच्या बाजूचा टॉर्क रॉड (इंजिनाचं डोलणं रोखणारा दांडा) विसरू नका, वरची दोन्ही माउंटिंग चांगली आणि हाच मेलेला, असं पुष्कळदा असतं.

मग रबरं. एक्झॉस्टची सगळी लांबी तीन-चार रबरांवर लोंबकळत असते. एक तुटलं की त्याचं वजन शेजारच्या सांध्यावर येतं आणि दर खड्ड्याला तो सांधा उपटला जातो. तुटलेल्या रबराच्या जागी तार बांधलेली गाडी दिसली की पुढची चीर कुठे जाणार हे सांगता येतं, कारण तारेला लवच नसते. रबरं स्वस्त असतात. एक गेलं तर सगळी बदला.

डबा फुगून किंवा शिवण उलून फुटला असेल तर

गंजाची खूण नाही, पण डब्याची शिवण उसवलेली आणि पत्रा बाहेरच्या बाजूला फुगलेला. याचं कारण बॅकफायर. एखादा प्लग किंवा कॉइल मिसिंग मारत असली, म्हणजे मधूनच ठिणगी चुकत असली, की न जळलेलं इंधन एक्झॉस्टमध्ये जातं आणि तिथे भडकतं. अशा गाडीला नवा डबा लावून देणं म्हणजे पुढच्या स्फोटासाठी नवं भांडं देणं. आधी प्लग, कॉइल, वायर तपासा. गाडी सुरू व्हायला वेळ घेत असेल आणि तुम्ही सलग सेल्फ मारत राहत असाल, तर तेही थांबवा.

मिसिंगचा दुसरा बळी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. तिथे पोहोचलेलं कच्चं इंधन आतच जळतं, जाळी अतोनात तापते, वितळते किंवा फुटते. आणि इथून एक फसवं दुष्टचक्र सुरू होतं. फुटलेल्या जाळीचे तुकडे वायूबरोबर मागे वाहत जातात आणि मागच्या डब्याच्या छिद्रांत अडकतात. लोक कन्व्हर्टर बदलतात, गाडीचा पिकअप तरीही येत नाही. कुणाला सुचत नाही की चोंदलेला आता मागचा डबा आहे. गाडी रिकामी रेस व्यवस्थित घेते पण चढाला दम टाकते, वेग एका ठिकाणी अडकतो, नळीतून वायू दमदार येत नाही, अशी लक्षणं असतील तर दाब मोजून घ्या. कन्व्हर्टरच्या आधीचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या जागी गेज लावतात. गॅरेजचा ठोकताळा असा: आयडलिंगला दीड पीएसआयच्या (दाबाचं माप) आत, २५०० आरपीएमला तीनच्या आत. त्याहून वर गेला तर मागचा डबा सैल करून पुन्हा मोजा. दाब लगेच उतरला तर अडथळा डब्यात, नाही उतरला तर पुढे.

अॅव्हरेज घटलं, इंजिन लाइट लागली

ऑक्सिजन सेन्सरच्या आधी किंवा जवळ गळती असेल तर वायू बाहेर जातोच, पण हवा आतही येते. दाबाचा एक धक्का गेला की त्याच्या मागोमाग क्षणभर दाब वातावरणापेक्षा खाली उतरतो आणि फटीतून बाहेरची हवा ओढली जाते. सेन्सरला जादा ऑक्सिजन दिसतो, कॉम्प्युटरला वाटतं इंधन कमी पडतंय, तो इंधन वाढवतो. स्कॅनरवर पी०१७१ हा (इंधन कमी पडतंय असं सांगणारा) कोड दिसला, किंवा कन्व्हर्टरबद्दलचा पी०४२० आला, तर महागडा सेन्सर किंवा कन्व्हर्टर घेण्याआधी साबणाचं पाणी मारून सांधे बघा.

याच पुढच्या भागातली गळती जिवावरही बेतू शकते. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक ओढीने चिकटतो. गाडीत बसल्यावर डोकं जड होतं, मळमळतं, उतरल्यावर बरं वाटतं, असं होत असेल तर काचा उघडा, गाडी थांबवा, आणि दुरुस्त होईपर्यंत चालवू नका. मागचा, डिकीचा दरवाजा उघडा ठेवून गाडी चालवणंही वाईट, कारण मागे तयार होणारा भोवरा धूर आत ओढून घेतो. शेवटची नळी बंपरच्या बाहेर काढलेली असते ती याचसाठी. ती तुटून आखूड झाली असेल तर 'नुसती नळीच तर आहे' म्हणून सोडू नका. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून यातली कुठलीही तपासणी करू नका.

नवा डबा बसवला, आता गुंजन येतं

ठरावीक वेगाला केबिनमध्ये कान दडपणारा 'हूंऽऽ' असा आवाज, वेग थोडा बदलला की गायब. डबा फुटलेला नाही, तो या गाडीच्या मापाचा नाही, किंवा कुणीतरी रेझोनेटर काढून सरळ पाइप टाकला आहे. २४०० आरपीएमला चार सिलिंडरचं इंजिन सेकंदाला ८० धक्के देतं. केबिनमधली हवाही नेमक्या त्याच पट्टीला झंकारत असेल तर आवाज वाढतो. मूळ रेझोनेटर हीच पट्टी मारण्यासाठी तिथे होता. लोकर भरून, चटई टाकून हे जात नाही. खर्जाच्या लाटेला लोकर पुरत नाही हे वर आलंच आहे. मूळ मापाचा डबा आणि रेझोनेटर परत लावणं हाच उपाय.

इथे एक मत नोंदवून ठेवतो. डबा काढला की ताकद वाढते, या समजुतीने साध्या गाड्यांचे सायलेन्सर फोडले जातात. कंपनीने दिलेल्या इंजिनात याने मिळणारा फायदा नगण्य असतो, आवाज वाढल्याने फक्त वेग वाढल्याचा भास होतो. उलट बाजूने 'इंजिनाला बॅक प्रेशर लागतंच' असंही सांगतात, तेही खरं नाही. अडथळा इंजिनाला कधीच नको असतो. पाइपाची लांबी आणि जाडी अशी ठरवलेली असते की एका सिलिंडरच्या धक्क्यामागचा कमी दाब पुढच्या सिलिंडरचा धूर ओढायला मदत करेल. पाइप बदलला की तो ताल बिघडतो, आणि कमी आरपीएमचा पिकअप गेल्यावर लोक त्याला 'प्रेशर कमी झालं' म्हणतात.

वेल्डिंग करायचंच असेल

भोकाभोवतीचा पत्रा स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने टोचत जा. ठणठण वाजेल तिथे धातू आहे, टोक रुतेल तिथे नुसता गंज. भोक दिसायला लागतं तेव्हा आजूबाजूचा पत्रा आतून आधीच पातळ झालेला असतो. तिथे टाका मारला की टाका टिकतो, त्याच्या शेजारी नवं भोक पडतं. चारही बाजूंना टणक धातू सापडेपर्यंतचा तुकडा कापून नवा तुकडा घालता येत असेल तरच वेल्डिंग करा, नाहीतर डबा बदला. गॅल्व्हनाइझ्ड पत्र्याचा तुकडा वापरू देऊ नका, जस्ताचा धूर वेल्डिंगवाल्याला तापाने पाडतो. आर्क वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला सांगा, नाहीतर सायलेन्सर वाचवताना इंजिनाचा कॉम्प्युटर जायचा. आणि डब्याच्या तळाचं ते छिद्र खडूने गोल करून दाखवा, म्हणजे ते बुजणार नाही.

पुट्टी आणि पट्टी घरी पोहोचण्यापुरती.

बसवताना सगळे सांधे आधी सैल जोडा, रबरं अडकवा, पाइप कुठे बॉडीला, ब्रेकच्या पाइपाला किंवा हँडब्रेकच्या केबलला टेकत नाही ना ते बघा, आणि मग इंजिनाच्या बाजूने सुरुवात करून मागे येत आवळा. एक सांधा आधी घट्ट करून बाकीचे ओढून-ताणून जुळवले तर पाइपात कायमचा पीळ राहतो आणि तोच सांधा पुन्हा तुटतो. जुनी पॅकिंग परत वापरू नका, एकदा दबली की ती दबलीच. स्प्रिंगचे बोल्ट असतील तर स्प्रिंग चेपून बसेपर्यंत आवळायचे नसतात, त्या सांध्याला हलायला जागा हवी असते. काही दिवस गाडी तापून-निवून झाली की सगळे नट पुन्हा एकदा पान्याने बघून घ्या.

नव्या डब्यातून पहिल्या फेरीत करपट वास आणि थोडा धूर येतो, तो कारखान्याचं तेल आणि रंग जळण्याचा. दोन-चार फेऱ्यांत तो जायला हवा. नाही गेला, तर गाडी थंड करून पुन्हा खाली वाका: कुठेतरी रबर, वायर किंवा अंडरकोटिंग पाइपाला चिकटून भाजतंय.